झीज : एका मराठी शब्दाची कुळकथा

बुलढाण्याहून मलकापुराकडे जाणारा रस्ता राजूरच्या घाटानें खालीं उतरून मोताळ्यास येतो. वर घाटमाथ्याचें पठार, खालीं पूर्णेच्या खोऱ्यांतील पाईनघाट, आणि या दोहोंच्या सांध्यावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशीं, मोताळ्याचा तालुका पसरलेला आहे. येथील डोंगर काळ्या बेसाल्ट खडकाचे आहेत. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वर आलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक निवत गेले आणि हा खडक बनला. ऊन, पाऊस व झाडाझुडपांचीं मुळें यांच्या योगानें त्याचा हळूहळू मुरूम होतो. मुरमावर बरड जमिनीचा पातळ थर धरतो. आणि नाल्याओढ्यांनीं वाहून आणलेले अतिशय बारीक कण सखल भागांत सांचून त्यांची काळी, भारी जमीन होते. याच काळ्या जमिनीवर वऱ्हाडची कपाशी उभी राहते. म्हणजे पायथ्याच्या शेतकऱ्याचें शेत ही वस्तुतः डोंगराची झीज आहे.

झीज हा शब्द मराठींत इतका नित्याच्या वापरांतला आहे कीं, त्याच्या अर्थाकडे कोणी मुद्दाम लक्ष देत नाहीं. पण भाषेनें त्याची जागा मोठ्या नेमकेपणानें ठरविलेली आहे. कापड विरतें, लाकूड कुजतें, लोखंड गंजतें, भिंत खचते, धान्य किडतें. परंतु पायरी झिजते, नाणें झिजतें, चपलेचा तळ झिजतो, नांगराचा फाळ झिजतो. कोठीच्या धान्यांत येते ती घट किंवा तूट. पावसाच्या पाण्यानें माती वाहून जाते ती धूप. ज्या वस्तूचा प्रत्येक वेळीं डोळ्यांस न दिसेल इतकाच अंश जातो, पण जी आपल्या जागीं राहून आपलें काम करीतच असते, तिच्या कमी होण्याला मराठी माणूस झीज म्हणतो. अडगळींत पडलेला फाळ गंजतो. शेतांत चालणारा फाळ झिजतो. एकाच लोखंडाच्या या दोन गति आहेत आणि त्यांतील भेद भाषेनें अचूक टिपला आहे. गंज हें आळसाचें फळ आहे, तर झीज हें वापराचें.

अनुभवाच्या या मुळावर वाक्प्रचारांचा मोठा विस्तार झाला आहे. कामासाठीं वारंवार खेपा घालणारा मनुष्य कचेरीचे उंबरे झिजवितो आणि जोडेही झिजवितो. लेखक लेखणी झिजवितो. कष्टकरी हाडें झिजवितो. परोपकारी पुरुष चंदनासारखा झिजतो. व्यापारांत कोणी झीज सोसतो, तर कोणी ती भरून काढतो. आजच्या दवाखान्यांतही गुडघ्याची व मणक्याची झीज हेच शब्द रोग्याच्या आणि डॉक्टरांच्या तोंडीं असतात. त्यांच्यासाठीं नवा पारिभाषिक शब्द घडवावा लागला नाहीं.

आतां या शब्दाचें कूळ पाहावें. संस्कृतांत ‘क्षि’ हा धातु आहे. त्याचा अर्थ कमी होणें, नाश पावणें किंवा पावविणें. कृष्णपक्षांतील चंद्राचा क्षय, पंचांगांतील तिथीचा क्षय, क्षयमास, माणसाला पोखरणारा क्षयरोग आणि क्षीण हें विशेषण, हे सर्व याच धातूचे वंशज होत. या धातूचें कर्मणि रूप ‘क्षीयते’, म्हणजे कमी होतो, ओसरत जातो. या क्षीयतेचें प्राकृतांत ‘झिज्जइ’ झालें आणि झिज्जइपासून मराठी ‘झिजणें’ आलें. झीज हें त्याचें नाम होय. बाराव्या शतकांतील जैन पंडित हेमचंद्र यानें आपल्या प्राकृत व्याकरणांत संस्कृत क्षकाराचीं बदलतीं रूपें सांगतांना क्षीण शब्दाचीं खीण, छीण व झीण अशीं तीन प्राकृत रूपें नोंदविलीं आहेत, आणि त्यांच्याजवळच झिज्जइ हेंही रूप दिलें आहे. म्हणजे निदान आठशें वर्षांपूर्वीं व्याकरणकारांना या शब्दाची चांगली ओळख होती.

क्षकाराच्या या तीन वाटा मराठींत आजही स्पष्ट दिसतात. कोठें त्याचा ख झाला : पक्षाचा पाख, रक्षेची राख. कोठें त्याचा छ होऊन मराठींत पुढें स किंवा श झाला : इक्षूचा ऊस, मक्षिकेची माशी आणि क्षेत्राचें शेत. शेजारच्या हिंदींत खेत आहे, मराठींत शेत. मूळ एकच, वाट मात्र वेगळी. आणि कोठें त्याचा झ झाला : क्षीयतेचें झिजणें, आणि क्षरतिचें, म्हणजे पाझरण्याचें, झरणें. या शेवटच्या क्रियापदाच्या कुळांतलाच आपला झरा. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनीं मराठीच्या घडणीवरील आपला ग्रंथ १९२० सालीं प्रसिद्ध केला आणि १९४१ सालीं वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं तो मराठींत आणला. एकाच संस्कृत जोडाक्षराचीं मराठींत अशीं भिन्न रूपें कां व्हावींत, हा या ग्रंथांतील महत्त्वाच्या प्रश्नांपैकीं एक आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा मराठी धातुकोश १९३७ सालीं, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. तोही मराठी क्रियापदांचीं मुळें शोधण्याचाच उद्योग होता.

सामान्यतः असें समजलें जातें कीं, संस्कृत शब्द हा घडीव दगड आणि मराठी शब्द हा त्याचा झिजलेला तुकडा. ‘क्षीयते’ या रूपाचे कोपरे लोकांच्या जिभेवर घासून गेले आणि ‘झिजे’ उरलें, असें प्रथमदर्शनीं वाटतेंही. परंतु झकाराच्या बाबतींत गोष्ट इतकी सरळ नाहीं. इराणी शाखेच्या अवेस्ता भाषेंत क्षर् धातूला जुळणारा जो धातु आहे, त्याच्या आरंभीं क् नसून ग् या वर्णाच्या जातीचा घोष उच्चार आहे. संस्कृतांतील क्ष अघोष आहे. प्राकृतांतील झ घोष आहे. यावरून भाषापंडितांनीं असें अनुमान काढलें कीं, या कांहीं शब्दांचा मूळ उच्चार घोषच होता. संस्कृतानें तो क्षकारांत लोपवून टाकला आणि बोलीभाषांनीं झकाराच्या रूपानें सांभाळून ठेवला. हें मत मान्य केल्यास, शेतकऱ्याच्या तोंडच्या ‘झीज’ या शब्दांतील पहिला वर्ण पंडितांच्या ‘क्षय’ या शब्दांतील पहिल्या वर्णापेक्षां मुळाला अधिक जवळचा ठरतो. जो शब्द झिजलेला म्हणून खालीं ठेवला जातो, त्याच्यांत कित्येकदां असा जुना ऐवज असतो.

या धातूचे नातेवाईक युरोपांतही आहेत. ग्रीक भाषेंतील ‘फ्थीसिस’ हा शब्द याच मुळाचा मानतात. त्याचा अर्थ ओसरत जाणें, आणि ग्रीक वैद्यांनीं क्षयरोगास दिलेलें नांवही तेंच. शरीर हळूहळू झिजविणाऱ्या या व्याधीला दोन दूरच्या समाजांनीं एकाच धातूपासून नांव द्यावें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. १८५३ सालीं आडाल्बर्ट कून या जर्मन पंडितानें ऋग्वेदांतील आणि होमरच्या काव्यांतील, कधींही न झिजणारी कीर्ति या अर्थाचे दोन प्रयोग शेजारीं शेजारीं मांडले आणि कीर्तीचा वाचक शब्द व न झिजणारी हा शब्द हे दोन्ही मुळांत एकच असल्याचें दाखविलें. नश्वरतेचा बोध होतांच माणसानें न झिजणाऱ्या वस्तूची कल्पना केली, आणि ती कल्पना बोलून दाखविण्यासाठीं त्याला झिजेचाच धातु घेऊन त्याच्यामागें नकार लावावा लागला.

हा नकार लावलेला शब्द मोताळ्याच्या परिसरांत वर्षांतून एकदां घरोघर ऐकूं येतो. अक्षय्यतृतीयेला खानदेशांत आणि त्याला लागून असलेल्या वऱ्हाडच्या भागांत आखाजी म्हणतात. इतरत्र आखिती असेंही म्हणतात. अक्षय या शब्दांतील क्षकाराचा येथें ख झाला आहे. म्हणजे झीज आणि आखाजी हीं एकाच धातूचीं दोन अपत्यें होत. एकानें झकाराची वाट धरली, दुसऱ्यानें खकाराची, आणि दोघांची ओळख पार बुजून गेली. त्या दिवशीं पाण्यानें भरलेली घागर पितरांच्या नांवानें पुजली जाते. त्या दिवशीं दिलेलें दान क्षय पावत नाहीं, अशी श्रद्धा आहे.

येथवर शब्दाचें कूळ झालें. त्याच्या स्वभावांत एक विशेष आहे आणि तो अधिक विचार करण्याजोगा आहे. इंग्रजींत हळूहळू होणाऱ्या झिजेला ‘अॅट्रिशन’ असा शब्द आहे. तो लॅटिनमधील घासणें या अर्थाच्या धातूपासून निघाला. त्यांत घासणारी वस्तु आणि घासली जाणारी वस्तु अशा दोन्ही गृहीत आहेत. मराठींतही त्या जातीचे शब्द आहेत : घासणें, घसरणें, आणि हिशेबाच्या वहींतील घसारा. परंतु झीज या शब्दाचा उगम घासण्यांत नाहीं. तो कमी होण्यांत आहे. जी वस्तु उणी होत आहे तिच्याकडेच हा शब्द पाहतो. तिला उणें करणारा कोण, हें तो सांगत नाहीं. पायरी झिजली, असें म्हणतांना ती कोणाच्या पायांनीं झिजली याचा उल्लेख करावा लागत नाहीं. कर्ता हवा असेल तर ‘झिजविणें’ हें प्रयोजक रूप योजावें लागतें. तें रूप भाषेंत आहे. पण झिजविणारा बहुधा आपल्याच पायांचे जोडे, आपलींच हाडें, आपलीच लेखणी झिजवितो. दुसऱ्याला झिजविल्याची कबुली वाक्प्रचारांत क्वचितच आढळते.

झिजेचा कर्ता असा अदृश्य राहत असल्यामुळें इतिहासांतही तिची नोंद कमी होते. मोताळ्याच्याच तालुक्यांतील रोहिणखेड हें गांव दोन लढायांसाठीं इतिहासांत प्रसिद्ध आहे. १४३७ सालीं बहामनी सुलतानाचा सेनापति खलफ हसन यानें खानदेशच्या नासीरखानाचा येथें पराभव केला. १५९१ सालीं खानदेशच्या राजे अलीखानाच्या साह्यानें बुऱ्हाण निजामशहाच्या पक्षानें जमालखानाचा येथें पाडाव केला आणि अहमदनगरचें तख्त बुऱ्हाणाच्या हातीं आलें. एका दिवसाच्या कामाला तवारिखांत जागा मिळाली. पण त्याच गांवांत १५८२ सालीं खुदावंतखानानें बांधविलेल्या मशिदीच्या दगडांवरून चारशेंहून अधिक पावसाळे वाहून गेले, त्यांपैकीं एकाचीही तारीख कोणी लिहून ठेवलेली नाहीं. युद्धाचा एक प्रकार मात्र असा आहे कीं, त्यांत झीज हेंच शस्त्र असतें. १६८१ सालीं औरंगजेब दक्षिणेंत उतरला आणि १७०७ सालीं अहमदनगर येथें मरण पावला. मधल्या सव्वीस वर्षांत मराठ्यांनीं त्याच्या सैन्यास एका निर्णायक रणांगणावर गांठण्याऐवजीं रसद तोडून, छापे घालून आणि किल्ले एकेक करून लढवून झिजविलें. साम्राज्याचें बळ कोणत्या दिवशीं संपलें, हें या युद्धांत दाखवितां येत नाहीं. आणि झिजेचें लक्षणच तें आहे.

ज्या एका व्यवहारांत झिजेचा हिशेब ठेवणें समाजाला भागच पडलें, तो व्यवहार नाण्यांचा. रुपया हातोहात फिरतो आणि प्रत्येक हात त्याची अंशमात्र चांदी नेतो. हजार हातांनीं केलेली ही झीज शेवटीं ज्याच्या हातांत तें नाणें सांपडे, त्या एकट्याच्या पदरीं येई. जुन्या काळीं पोतदार नाणें पारखून, तोलून त्यावर बट्टा आकारीत असे. नव्या शिक्क्याचा रुपया पुऱ्या किंमतीस चाले आणि तोच रुपया जुना झाला कीं त्याचें मोल उतरे. बाजारांत माल विकून झिजलेलीं नाणीं घरीं नेणाऱ्या कुणब्यास या बट्ट्याची कल्पना सारा भरतेवेळीं येई. १९०६ च्या नाणेविषयक कायद्यानें यास एक मर्यादा घातली. रुपयाचें वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, ठरलेलें होतें. त्याहून शेंकडा २ पेक्षां अधिक उणा न झालेला रुपया पुऱ्या किंमतीस कायदेशीर चलन मानावा, असें त्यांत होतें. वापरानें सहज होणारी झीज आणि लबाडीनें केलेली काटछाट यांत कायद्यानें भेद केला. या तरतुदीचें तत्त्व असें कीं, सर्वांच्या उपयोगानें जी झीज होते तिचा भार एकट्यादुकट्यावर पडूं नये. चांदीचीं नाणीं आतां व्यवहारांतून गेलीं. तत्त्व मात्र जुनें झालेलें नाहीं.

कारण माणसाच्या झिजेचा असा कायदा नाहीं. चंदनाचें खोड सहाणेवर झिजतें आणि सुगंध देवाच्या कपाळीं जातो, हा दृष्टांत मराठी मनाला शतकानुशतकें प्रिय आहे. तो उदात्त आहे यांत शंका नाहीं. स्वखुशीनें देह झिजविणाऱ्या थोर पुरुषांस तो शोभतोही. पण तोच दृष्टांत ज्यांना निवड करण्याची मुभाच नव्हती अशांच्या बाबतींत वापरला जातो, तेव्हां स्तुतीच्या आड एक येणें बुडतें. पहांटे उठून जात्यावर बसणारी स्त्री पिढ्यान् पिढ्या दळीत आली. जात्याच्या दोन तळ्या झिजून गुळगुळीत झाल्या कीं, टाकी लावून त्यांस पुन्हां खरबरीत करून घेण्याची चाल होती. फाळ बोथटला कीं तो लोहाराच्या भात्यापुढें जाई, आणि लोहाराला त्याचें बलुतें मिळे. दगडाच्या आणि लोखंडाच्या झिजेची दुरुस्ती गांवगाड्याच्या व्यवस्थेंत बसविलेली होती. दळणाऱ्या हातांच्या झिजेसाठीं मात्र त्या व्यवस्थेंत कोणतेंही बलुतें नव्हतें. ती संसारासाठीं झिजली, एवढें वाक्य तेवढें होतें. त्या वाक्यांतही कर्ता नाहीं.

सालदाराची गोष्टही अशीच. वर्षाच्या बोलीनें शेतकऱ्याकडे राबणाऱ्या गड्यास सालदार म्हणतात, आणि खानदेशांत त्याचें साल आखाजीपासून धरण्याची चाल आहे. ज्या दिवशीं केलेलें दान झिजत नाहीं अशी समजूत, त्याच दिवसापासून एका माणसाच्या अंगमेहनतीचें नवें वर्ष झिजूं लागतें. एकाच धातूचे दोन शब्द असे एका दारांत उभे राहतात. बोली ठरवितांना धान्य किती, रोकड किती, कपडे कोणते याची चर्चा होते. वर्षाअखेर त्याच्या अंगांत किती उणें येईल, हा आंकडा कोणत्याच पारड्यांत पडत नाहीं.

आणि ज्या जमिनीवर तो राबतो तिचेंही तसेंच आहे. डोंगराच्या झिजेनें शेत होतें, हें आरंभीं आलेंच. परंतु शेताचीही झीज होते, आणि ती डोंगराच्या झिजेहून फार वेगानें होते. एक बोटभर जाडीची सुपीक माती बनण्यास शेंकडों वर्षें लागतात. उतारावरच्या उघड्या वावरांतून ती कांहीं मोजक्या जोरदार पावसांत निघून जाऊं शकते. येथें झीज या शब्दाची हद्द संपते आणि धूप सुरू होते. झिजेंत वस्तु आपल्या जागीं असते व काम करीत असते. धुपेंत ती जागाच सोडते. बांधबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी, बांधावरचें गवत आणि झाडोरा हे उपाय म्हणजे धुपेला पुन्हां झिजेच्या मर्यादेंत आणण्याचेच उपाय होत.

वाहून गेलेली माती नाहींशीं होत नाहीं. ती धरणांत आणि तलावांत गाळ होऊन बसते. मोताळा तालुक्यांत नळगंगेवर मातीचें धरण आहे. अशा प्रत्येक जलाशयांत वरच्या शेतांची माती दर पावसाळ्यास येऊन पडते, आणि तेवढी पाण्याची जागा कमी होते. म्हणजे वर शेताची झीज व खालीं जलाशयाची, अशी एकाच मातीनें दुहेरी हानि होते. महाराष्ट्र शासनानें २०१७ सालीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आंखली, आणि २०१८ सालीं बुलढाणा जिल्ह्यांत भारतीय जैन संघटनेच्या साह्यानें तलावांतील गाळ उपसून तो शेतांत नेण्याची मोठी मोहीम निघाली. गाळ काढल्यानें तलावांत पाण्यास जागा होते, आणि हलक्या जमिनीवर तो पसरल्यानें तिला गेलेली माती परत मिळते. मोहिमेचें मोल तिच्या आंकड्यांवर अवलंबून राहील. पण तिच्या मुळाशीं असलेली कल्पना मराठी भाषेंत फार जुनी आहे. तिचें नांव झीज भरून काढणें.

हा वाक्प्रचार नीट पाहण्यासारखा आहे. क्षय आला कीं संस्कृत वाणी अक्षयाकडे वळते, जें झिजत नाहीं त्याची इच्छा धरते. व्यवहारांतील मराठी तितकी दूर जात नाहीं. काम करील तें झिजेल, हें ती निमूटपणें मान्य करते. परंतु त्यासोबतच जमाखर्चांतलें एक क्रियापद ठेवते आणि सांगते कीं, जितकें झिजलें तितकें भरून दिलें पाहिजे. तें कोणी द्यावें, हें मात्र शब्द सांगत नाहीं. झिजेंत कर्ता नाहीं तसा भरण्यांतही तो आपोआप येत नाहीं. नाण्याच्या बाबतींत तो प्रश्न कायद्यानें सोडविला. जमिनीच्या बाबतींत तो आतां कोठें सुटूं लागला आहे. राबणाऱ्या माणसाच्या बाबतींत तो सुटावयाचा असेल, तर ‘तो झिजला’ असें म्हणून थांबण्याची संवय प्रथम सोडावी लागेल, आणि तो कोणासाठीं झिजला व त्याची भरपाई कोणाकडे राहिली, हें वाक्याचा उरलेला भाग म्हणून दर वेळीं उच्चारावें लागेल.